काटे काढलेला मासा

समुद्राकडे तोंड करून मासे खाणारा माणूस हमखास पाहुणा असतो. कोळीवाड्यातल्या कुठल्याही घरात दुपारी डोकावा. ताटं आतल्या खोलीत, टीव्हीसमोर मांडलेली असतात. समुद्राच्या बाजूला जाळी, दोर, थर्माकोलची खोकी आणि दुरुस्तीला काढलेलं इंजिन. बरोबरच आहे. रात्रभर ज्याच्याशी झटून आलो त्याच्याच तोंडाकडे बघत दुपारी कालवण कोण ओरपेल? मंत्रालयातला कारकून रविवारी मंत्रालयासमोर चटई टाकून जेवायला बसल्याचं कुणी ऐकलंय?

आपलं तसं नसतं. आपल्याला सुट्टीच्या दिवशी समुद्र तोंडी लावायला लागतो, लोणच्यासारखा. त्याचे पैसेही वेगळे पडतात. आतल्या पंख्याखाली जी सुरमई खिशाला परवडते, तीच ‘सी फेसिंग’ टेबलावर आली की एकदम खानदानी होते. वाऱ्याने नॅपकिन उडतो, सोलकढीत वाळू पडते, उन्हाची तिरीप नेमकी डोळ्यांवर येते, तरी कुणी खुर्ची सोडत नाही. फोटोत मागे लाटा यायला हव्यात ना.

या हौसेची इटालियन आवृत्ती आमच्या घरात मेव्हण्यांनी आणली. ताई आणि मेव्हणे ग्रुप टूरने युरोप करून आले. टूरबरोबर स्वयंपाकाला महाराज होते. त्यामुळे व्हेनिसला साबुदाण्याची खिचडी, फ्लॉरेन्सला गरम फुलके आणि पिसाच्या कलत्या मनोऱ्याच्या साक्षीने भरली वांगी, अशी मेव्हण्यांची इटली झाली. फक्त लिगुरियाच्या किनाऱ्यावरच्या एका गावात दुपारचं जेवण ज्याचं त्याने करायचं होतं. महाराजांचं पोट बिघडलं होतं म्हणे. त्या एका दुपारच्या भांडवलावर मेव्हणे आजतागायत इटालियन खाद्यसंस्कृती या विषयावर बोलत आहेत.

‘अख्खा मासा आणतात तुमच्यासमोर,’ ते सांगतात. ‘दाखवतात. आपण मान हलवली की भाजून आणतात. आणि मग वेटर स्वतः, टेबलाच्या बाजूला उभा राहून, चमचा आणि काट्याने आतला सगळा सांगाडा अलगद उचलून बाजूला ठेवतो. एक काटा राहत नाही!’

हे ऐकून आत्या म्हणाली, ‘का? खाणाऱ्यांचे हात मोडलेत?’

आत्या आमच्याकडची मासे या विषयातली सर्वोच्च न्यायालय. तिच्या पुढे अपील नाही. कल्ला उघडून बघितल्याशिवाय तिने आयुष्यात मासा घेतला नाही, आणि माझी समजूत आहे की जावई बघतानाही तिने बहुधा तेच केलं असावं.

तर मे महिन्याच्या सुट्टीत मेव्हण्यांनी जाहीर केलं, की आपण सगळे समुद्राकाठी इटालियन जेवायला जाणार. इटली नको, इथंच. उत्तन-गोराईच्या पट्ट्यात एका रिसॉर्टने म्हणे इटालियन सुरू केलं होतं. नाव सांगत नाही. स्वयंपाक्याची काही चूक नव्हती. त्याच्याकडून अपेक्षा फार होत्या.

भाईंदर पश्चिमेहून परिवहनच्या बसने निघालं की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं आणि मिठागरं मागे टाकत आपण उत्तनकडे येतो. काही बसवर ‘चौक’ अशी पाटी असते. नवखा प्रवासी कंडक्टरला ‘कुठला चौक?’ विचारतो, कंडक्टर ‘चौक!’ म्हणतो, आणि हा संवाद उत्तन येईपर्यंत चालू शकतो. चौक हे गावच आहे. धारावी बेटाच्या उत्तरेच्या टोकाला, समोर वसईची खाडी आणि खाडीपल्याड वसईचा किल्ला. ही धारावी मुंबईतली ती धारावी नव्हे. हिच्यासाठी चिमाजी आप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांशी झुंज घेतली आणि मग मे १७३९मध्ये वसई पडली. चौकच्या टेकाडावर धारावीच्या किल्ल्याच्या खुणा आणि आप्पांचा पुतळा आहे. आप्पांची फौज मे महिन्याच्या उकाड्यात वसईच्या तटाला भिडलेली असताना काय जेवत होती देव जाणे. मेनू कार्ड नक्की नव्हतं.

आमच्या हातात मात्र होतं. बारा पानी. पहिली चार पानं पंजाबी, मग चायनीज, मग जैन, आणि शेवटी, सूप आणि आइस्क्रीमच्या मधल्या बेचक्यात, इटली. मीरा-भाईंदरमध्ये जैन पिझ्झा ही सर्वमान्य गोष्ट आहे, कांदा नाही, लसूण नाही. इथं ‘जैन आलियो ओलियो’ नावाचा पास्ताही होता. मूळ पदार्थात लसूण आणि तेल याखेरीज फारसं काही नसतं, तेव्हा त्यातून लसूण काढल्यावर उरतं ते तेल. पण लोक मागवत होते, खात होते, आणि शेजारच्या टेबलावरच्या काकांनी दुसऱ्यांदा मागवला. माणसाने खाण्याच्या बाबतीत फार तत्त्वनिष्ठ असू नये.

मेव्हण्यांनी सगळ्यांसाठी मागवलं. एक सीफूड स्पॅगेटी, एक कोलंबीचा पास्ता, आणि ‘ग्रिल्ड फिश लेमन बटर’. आत्याने वेटरला विचारलं, ‘कुठला मासा?’

वेटर उत्तराखंडचा होता. त्याच्या गावाहून समुद्र बघायचा तर दोन दिवसांचा प्रवास. तो म्हणाला, ‘फिश, मॅडम.’

‘अरे हो, पण कुठला? रावस? घोळ? हलवा?’

तो आत जाऊन विचारून आला. ‘बासा.’

आत्याने डोळे मिटले. पलीकडे बंदरात होड्या लागलेल्या. उत्तन, वसई, अर्नाळा, सातपाटी म्हणजे पापलेटचा पट्टा. त्या पापलेटला सप्टेंबर २०२३मध्ये महाराष्ट्राने राज्यमासा म्हणून जाहीर केलं आणि तेव्हापासून त्याचा भाव विचारतानाही आवाज आपोआप खाली येतो. आणि इथं, त्या होड्या दिसतील अशा टेबलावर, व्हिएतनामच्या तळ्यात वाढणाऱ्या जातीचा, शीतपेटीतून थेट आलेला, पांढराशुभ्र चौकोनी बासा. ना डोकं, ना शेपूट, ना कातडं.

आत्याने काट्याने एक तुकडा मोडला, उलटा केला, सुलटा केला, तोंडात घातला. आम्ही निकालाची वाट बघत होतो.

‘पनीर आहे,’ ती म्हणाली.

इथं मला मध्येच एक सांगायचंय. काटे हा माशाचा दोष आहे असं ज्यांना वाटतं त्यांना माशाचं जेवण कळलेलं नाही. काटा हे आपल्या जेवणाचं वेळापत्रक आहे. लहान मुलाला आधी बोंबील देतात, कारण त्याचा काटा असून नसल्यासारखा. मग पापलेट, मधला एकच सरळ कणा, कडेचे काटे मोठे, दिसणारे. पुढे सुरमईची तुकडी. बांगडा स्वतःच्या हाताने सोडवायला लागला की मूल शाळेत गेलं म्हणायचं. बोय, मुडदुशी जमली की दहावी पास. आणि पाला, ज्याला बंगाली हिलसा म्हणतात, तो ज्याला बोलता बोलता खाता येतो, त्याच्यापुढे आपण नुसते हात जोडावेत. पाल्यात काटे किती असतात हे मोजायला कुणी बसलं नसेल, मोजणाऱ्याचं जेवण थंड होईल.

हे सगळं काम जीभ करते. बोटांनी नुसती प्राथमिक चाळणी. घास तोंडात गेला की जीभ आणि टाळू यांच्यात एक खासगी चौकशी सुरू होते. मांस एका बाजूला, काटा दुसऱ्या बाजूला, आणि मग तो काटा ओठांच्या कोपऱ्यातून, कुणाच्या लक्षात येणार नाही असा, बोटांवर येतो आणि ताटाच्या कडेला जातो. आत्याच्या ताटाच्या कडेला जेवण संपल्यावर काट्यांची अशी नीट रास असते की प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्यातून मासा पुन्हा उभा करावा. एवढं चालू असताना बोलणं शक्यच नाही. म्हणून माशाच्या दिवशी आमच्या घरी सगळे गप्प असतात. वाद नाहीत, राजकारण नाही, कुणाच्या लग्नाचा विषय नाही. वीस मिनिटांत जेवण आटोपतं आणि घर झोपतं. घशात काटा अडकला तर कोरड्या भाताचा गोळा न चावता गिळायचा, नाहीतर केळं. तेवढाच काय तो संवाद.

इटालियन दुपारचं जेवण याच्या नेमकं उलट. आधी पास्ता, मग मासा, मग फळ, मग कॉफी, आणि हे सगळं निमित्तमात्र. खरं काम बोलण्याचं. काटे वेटरने काढून दिल्यावर तोंड मोकळंच राहतं, ते कशात तरी गुंतवायला नको? त्यामुळे काटे नसलेला बासा समोर आल्यावर आमच्याकडे जे व्हायचं ते झालं. सगळे बोलायला लागले.

पहिल्या दहा मिनिटांत वडिलोपार्जित जागेचा विषय निघाला. पंधराव्या मिनिटाला, ताईच्या लग्नात मानपान कुणाचा राहिला होता, तो. पापलेट असतं तर यातलं काहीही घडलं नसतं.

विषय बदलावा म्हणून मी पास्त्याकडे वळलो. कोलंबीचा पास्ता पांढऱ्या सॉसमध्ये बुडालेला होता आणि वर चीजचा जाड थर. मेव्हणे हादरले. लिगुरियातल्या त्या ऐतिहासिक दुपारी त्यांनी माशाच्या पास्त्यावर चीज मागितलं होतं, आणि वेटरने त्यांच्याकडे असं काही पाहिलं होतं की त्यांनी खिशातला पासपोर्ट चाचपला. माशावर चीज घालायचं नाही, हा इटलीतला अलिखित कायदा. मी म्हटलं, मग यात नवीन काय आहे? मासे खाल्ल्यावर दूध प्यायचं नाही, अंगावर पांढरे डाग उठतात, असं आपली आजी सांगत आलीच होती. कारणं वेगळी असतील, डागांचं तर शास्त्राला काही सापडलेलं नाही, पण निकाल एकच. जगाच्या दोन टोकांच्या आज्या एका गोष्टीवर सहमत झाल्या होत्या आणि भाईंदरच्या एका स्वयंपाक्याने एकाच बशीत दोघींनाही दुखावलं.

आत्याने स्पॅगेटीत मात्र रस घेतला. त्यात तिसऱ्या होत्या, शिंपल्यांसकट. इटलीत तिसऱ्यांसारख्याच बारीक शिंपल्या, लसूण, तेल आणि पांढरी वाइन घालून शेवयांवर देतात. नेपल्सची माणसं त्यासाठी जीव टाकतात. इथं वाइनच्या जागी बहुधा लिंबू होतं. आत्याने एक शिंपली उचलली, उघड्या तोंडाची आहे की मिटलेली ते बघितलं, कारण शिजल्यावर न उघडलेली तिसरी खायची नसते, आणि मग मधला जीव दातांनी ओढून घेतला. शिंपली ताटात टाकल्याचा टक् असा आवाज आला. त्यानंतर थोडा वेळ ती बोलली नाही. टेबलावर शांतता पसरली. जागेचा वाद तिथंच थांबला.

मेव्हण्यांना हे पटत नाही, पण इटालियन माणसाला चौकमध्ये आणून सोडलं तर त्याला परकं काय वाटेल, हा मला पडलेला प्रश्न आहे. गावात बहुसंख्य कोळी ख्रिस्ती, रविवारी मिस्सा, नाक्यानाक्यावर क्रूस, समोर जुना किल्ला, आणि बंदरावर पत्ते खेळणारे म्हातारे. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी मांस वर्ज्य आणि मासे चालतात, हा नियमही तोच. आपल्याकडे मंगळवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी आणि श्रावण वजा केल्यावर मासे खायला जे दिवस उरतात ते बघता मला त्या नियमाचा हेवा वाटतो.

आणि मासे तर नात्यातले. इटालियन लोक पिझ्झ्यावर टाकतात ती अँचोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातली; एक डबीत बंद होऊन विमानाने येते, दुसरी टोपलीतून. सार्डिनियात बोयची गाभोळी मिठात दाबून, वाळवून ठेवतात आणि शेवयांवर किसून घालतात. ती तिकडे सोन्याच्या भावाने जाते. आपल्याकडे गाभोळी तव्यावर परतून घरातल्या लाडक्या मुलाच्या ताटात गुपचूप सरकवतात, आणि त्यावरून भावाभावांत कायमची अढी पडते.

सुक्या मासळीचं तर विचारूच नका. व्हेनिसचा पिएत्रो क्वेरिनी नावाचा एक जहाजमालक १४३१ साली वादळात सापडला आणि भरकटत पार नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बेटांवर जाऊन पडला. तिथं लोकांनी लाकडी मांडवांवर कॉड मासे वाऱ्यावर वाळत घातलेले त्याने पाहिले, खाल्ले, आणि १४३२मध्ये घरी परतताना बरोबर घेऊन आला. आजही नॉर्वेचा सुका कॉड सगळ्यात जास्त घेणाऱ्या देशांत इटली आहे. व्हेनिसच्या बाजूला तो दुधात तासन्‌तास शिजवतात. दुधात! आत्याला मी हे अजून सांगितलेलं नाही.

क्वेरिनी चौकला येऊन पडला असता तर एवढा लांब प्रवास वाचला असता. इथं बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घालतात, दोन बोंबिलांचे जबडे एकमेकांत अडकवून, जोडीजोडीने. कुणाला दोरा नको, टाचणी नको. वाऱ्यावर हलणाऱ्या त्या हजारो जोड्या एका बाजूने बघितल्या तर झालर दिसते. वाऱ्याच्या दिशेला उभं राहून बघितल्या तर मात्र वास आधी येतो. या वासाबद्दल नव्या टॉवरातली मंडळी नाक मुरडतात. हीच मंडळी ऑलिव्हच्या तेलातली अँचोव्ही नाक न मुरडता खातात, कारण तिच्या डबीवर परदेशी मजकूर असतो.

तसे इटालियन आपल्याकडे आले त्याला सातशे वर्षं होऊन गेली. १३२१मध्ये तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे सोबती फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले. काही वर्षांनी ओदोरिक नावाचा दुसरा इटालियन साधू आला, त्यांच्या अस्थी घेऊन थेट चीनला गेला, आणि ठाण्याबद्दल लिहिताना त्याने नोंदवलं की इथले उंदीर कुत्र्यांएवढे असतात. हे ठाणे जिल्ह्याचं जुनं इटालियन परीक्षण. आमच्या रिसॉर्टला आत्याने याहून बरे गुण दिले असते. १६९५ साली जेमेली कारेरी नावाचा जगप्रवासी, पेशाने वकील, खाडीपलीकडे वसईला येऊन गेला. टूरबरोबर महाराज नसल्यामुळे त्याला मिळेल ते खावं लागलं असणार.

बिल आलं तेव्हा मेव्हण्यांनी ते आधी स्वतःकडे ओढलं, मग वाचलं, आणि मग हळूच टेबलाच्या मध्यावर ठेवलं. इटलीत बसण्याचे आणि पावाचे वेगळे पैसे लावतात, ही माहिती त्यांनी त्याच वेळी दिली. इथं बसण्याचे लावले नव्हते. समुद्राचे लावले होते, पण वेगळ्या नावाने.

पोटात मात्र काहीच गेलं नव्हतं. बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, आलोच आहोत तर चौकला जाऊन पावसाची बेगमी करून घेऊ. एक जूनपासून जुलैअखेरपर्यंत मासेमारी बंद, त्यापाठोपाठ श्रावण, म्हणजे मे संपायच्या आत घरात सुके बोंबील, सोडे, जवळा भरून ठेवायला हवा, हे तिचं आर्थिक धोरण. रिक्षा करून आम्ही गेलो.

उन्हात ताडपत्रीवर जवळा पसरलेला. एक कोळीण हातात केरसुणीसारखा झाडू घेऊन तो पालटत होती. आत्याने मूठभर जवळा उचलून तळहातावर घासला, फुंकर मारली, वाळू उडते का बघितलं. मग भावाचं बोलणं सुरू झालं, ते बराच वेळ चाललं. त्यातलं दोघींनाही काही खरं वाटत नव्हतं आणि दोघींनाही मजा येत होती.

‘जेवून आलात का बाय?’ कोळणीने विचारलं.

‘जेवलो कुठलं. इटालियन खाऊन आलो.’

‘पास्ता काय? आमची पोरगी करते की घरी. कॉलेजात शिकून आली.’ तिने खांद्यावरून मागे घराकडे बोट दाखवलं. ‘जवळा भाजते खरपूस, कांदा, लसूण, टोमॅटो, आणि वरून बाटली मसाला. ते नळीवाले घालते त्यात.’

मेव्हणे पुढे झाले. बाटली मसाला म्हणजे इथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांचा जीव की प्राण. मे महिन्यात वाळवायचा, भाजायचा, कुटायचा आणि बिअरच्या बाटल्यांत ठासून वर्षभर पुरवायचा. तो पास्त्यात? त्यांनी जवळजवळ दुखावल्या आवाजात विचारलं, ‘आणि चीज?’

‘चीज कशाला? म्हावऱ्यात चीज घालतात होय?’

मेव्हणे तिच्याकडे बघतच राहिले. लिगुरियातला वेटर त्यांना आठवला असावा.

‘घरी आवडतो सगळ्यांना?’ ताईने विचारलं.

‘बाप खातो तिचा. बरा लागतो म्हणतो.’ कोळणीने तराजूत जवळा टाकला. ‘भाताबरोबर खातो.’

आत्याने एक किलो सांगितलेला जवळा दीड किलो केला. पैसे मोजून देताना तिने मागे वळून विचारलं, ‘जावईबापू, त्या तुमच्या नळ्या भाईंदरला कुठल्या दुकानात मिळतात हो?’